दीड कट्टा नवरदेव

माझ्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही सगळे अगदी वेळेवर पोहोचलो. फक्त मुलगा सोबत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं होतं बाई? चष्मा विसरतो, छत्री विसरते, एखादीच्या हातून दुधाखालचा गॅस बंद करायचा राहतो, पण नवरदेव? तर होतं. घरात एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन डिझेल गाड्या असल्या, एकीचं इंजिन पंचाहत्तर घोड्यांचं आणि दुसरीचं नव्वद घोड्यांचं असलं, आणि त्या गाड्यांचे मालक सख्खे बहीण-भाऊ असले, की काहीही होतं!

पंचाहत्तरवाली माझी. भंडाऱ्यात आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान आहे आणि विणकरांकडे माल आणायला मोहाडी, आंधळगाव अशी माझी सततची फिरती. गाडी मीच चालवते. (ह्यांना चालवता येते, पण मी शेजारी बसले की येत नाही.) नव्वदवाली शहापूरच्या नरेशदादाची. माझा मोठा भाऊ. अंगानेही मोठा आणि बोलण्यात तर विचारूच नका. त्याच्या इंजिनातल्या टर्बोची पाती म्हणे आतल्या आत हलतात, माझ्यातली हलत नाहीत. ही हलणारी पाती त्याने बारशापासून तेरवीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात लोकांना समजावून सांगितली आहेत.

"शोभे, तुह्या गाडीत दमच नाही ना वो! नव्वद घोडे ते नव्वद घोडे."

"असू दे. माहे पंचाहत्तर घोडे चारा तं कमी खाते!"

"कोण म्हणते? मी नागपूरले गेलो तं गाडीनं चोवीसचं ॲव्हरेज देल्लं मले. चोवीस!"

"कोणी पाहिलं? गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यानं? तो पडदा तुह्यासारखाच बोलते. वाढवून!"

खरं सांगायचं तर दोघंही खरंच बोलत होतो, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. दादाचा रस्ता हायवेचा. एकदा पाचव्या गियरमध्ये टाकली की त्याची गाडी गार वाऱ्यासारखी चालते आणि डिझेलही कमी पिते. पण गावातल्या गतिरोधकांवर त्याचा टर्बो झोपी जातो. मग गियर खाली घ्या, दाबा, पुन्हा दाबा. माझी बिचारी दुसऱ्या गियरवर म्हशीमागेही निमूट चालते, मात्र हायवेवर धापा टाकते. ज्याचा जसा रस्ता तसं त्याचं ॲव्हरेज. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त दादाचं तोंड बंद करायचं होतं.

आणि अशातच आमच्या अतुलचं ठरलं. मुलगी बपेऱ्याची, प्राची. तिचे वडील धनराजजी आमच्याच विणकर समाजातले, पण त्यांच्या घरातला हातमाग आजोबांच्या काळातच गेला आणि तिथून पुढे धानच धान. माणूस कमी बोलणारा. पहिल्या भेटीतच त्यांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. प्राचीचं त्याआधी एक ठरलं होतं. साक्षगंधाच्या दिवशी मांडव सजला, पाव्हणे आले, स्वयंपाक झाला आणि मुलगाच आला नाही. फोन बंद! सगळं गाव जेवून गेलं, पण त्या घरातलं कोणी जेवलं नाही.

"विहीणबाई, मले देणंघेणं काहीच नाही पाहिजे," ते म्हणाले होते. "पोरगा फक्त वेळेवर आला पाहिजे. दुसऱ्यांदा तसं झालं तं माही पोरगी उभी नाही राहणार."

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्यापुढे छातीवर हात ठेवून बोलले, "धनराजजी, तुमच्या दारात पहिले माहा अतुलच गाडीतून उतरंल. मग बाकीचे."

हे माझे शब्द. नीट लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

साक्षगंधाच्या दिवशी दोन्ही गाड्या सकाळी तुमसरपर्यंत मजेत आल्या. माझ्या गाडीत मी, हे आणि अतुल. दादाच्या गाडीत दादा आणि वहिनी. मुहूर्त दुपारचा, वेळ भरपूर. हाच भरपूर वेळ आमच्या मुळावर आला. तुमसरच्या पेट्रोल पंपावर दादा उतरला आणि म्हणाला, "शोभे, आज होऊनच जाऊ दे. इथं दोन्ही टाक्या फुल करू. बपेऱ्याले जाऊ, वापस येऊ, पुन्हा फुल करू. जिच्यात डिझेल जास्त बसलं ते गाडी हरली. हरणाऱ्यानं लग्नाच्या पंगतीत सगळ्यायच्या समोर हात जोडून कबूल करायचं."

"आज?" हे घाबरत म्हणाले. "अवो, आज पोराचं साक्षगंध आहे ना..."

"रस्ता तं तोच आहे ना भाऊजी!"

शहाण्या बाईने इथे नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "हाव! होऊनच जाऊ दे!"

टाकी फुल करणं म्हणजे तुम्हाला वाटतं तसं नाही. डिझेलला फेस येतो, टाकीत हवा अडकते, म्हणून गाडी हलवावी लागते. तेव्हा भर पंपावर, कोशाचे कपडे घातलेले आम्ही पाच जण आधी एका गाडीला आणि मग दुसऱ्या गाडीला दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवत होतो! पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघत राहिला. मागे रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "काय पडलं वो आतमधी?"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण दादाला एकदम आठवलं की माझ्या गाडीत तीन माणसं आणि त्याच्या गाडीत दोन. "तू हरली तं म्हणशील, वजनानं हरली! मले असं जिंकनं नाही पाहिजे." पंपाच्या शेजारीच त्याच्या दोस्ताची, मोरेश्वरभाऊची राइस मिल. झालं! आमची वरात धान मोजायच्या काट्यावर गेली.

मोरेश्वरभाऊंनी जन्मभर धानच तोललेलं. किलोबिलो त्यांच्या तोंडी येतच नाही, ते सगळं कट्ट्यांत बोलतात. कट्टा म्हणजे धानाचं भरलेलं, साधारण चाळीस किलोचं पोतं, आणि चुरी म्हणजे तांदळाची कणी.

"नरेशभाऊ, तुम्ही अडीच कट्टे. अतुलबाबू, दीड कट्टा. अन् ताई तुम्ही..." माझ्याकडे बघत त्यांनी काट्यावर बोट ठेवलं.

"सांगू नका!" मी ओरडले.

"दोन कट्टे अन् वर थोडी चुरी," त्यांनी सांगितलंच.

मग गणित सुरू झालं. अतुल माझ्या गाडीत ठेवला तर माझी जड. दादाच्या गाडीत बसवला तर दादाची जड. शेवटी तोडगा निघाला: अतुल दादाच्या गाडीत, आणि माझ्या गाडीत अतुलऐवजी धान. दीड कट्टा आणि वर एक विटेचा तुकडा! मी म्हटलं डिक्कीत टाका. दादा म्हणाला, "अजिबात नाही! माणसाचं वजन माणसाच्या जागी पाहिजे." म्हणून अतुलनेच मोरेश्वरभाऊंना हातभार लावून पूर्ण कट्टा माझ्या मागच्या सीटवर उभा केला, त्यावर अर्धा कट्टा ठेवला आणि कलंडू नये म्हणून दोन्हीला मिळून सीटबेल्ट लावला. त्याचा फेटा, जो पोहोचल्यावर घालायचा होता, तो इतका वेळ मागच्या सीटवर अतुलशेजारी होता. आता ती जागा कट्ट्याने अडवली, म्हणून तो चुरगळू नये अशा जागी, म्हणजे अर्ध्या कट्ट्याच्या डोक्यावर मी ठेवला.

निघताना दादाचा शेवटचा नियम आला. "मोबाईल सगळ्यायचे बंद! नाही तं कोणी चार्जिंगले लावंल. चार्जिंगनं डिझेल जळते." अतुलच्या मोबाईलवर आम्ही दोन्ही गाड्यांच्या मीटरचे फोटो काढले होते, तो माझ्याकडेच होता. तोही बंद केला. एसी बंद, काचा बंद. उन्हाळा लागलेला. माझ्या कपाळावरची टिकली तुमसरची वेस ओलांडायच्या आत नाकावर आली होती.

पुढे दादा, मागे मी. पाचवा गियर, पाय असा ठेवलेला की ॲक्सिलरेटरला कळूही नये. सायकलवाले आमच्याकडे कीव करून बघत होते.

"अवो," हे हळूच म्हणाले, "मुहूर्त..."

"वेळ आहे. तुम्ही बोलू नका, बोललं की लक्ष जाते अन् पाय दबते."

"अतुल पाणी पिऊन निघाला काय?"

"दादाच्या गाडीत आहे ना बाटली!"

सिहोऱ्याच्या पुढे मागून एसटी आली. हॉर्नवर हॉर्न! मी कडेला सरकले नाही, कारण कडेला सरकलं की गियर बदलावा लागतो. शेवटी ड्रायव्हरने अर्धं चाक खाली उतरवून आम्हाला ओलांडलं, मग दादालाही. मागच्या खिडकीतून कुणाचा तरी हात बाहेर आला होता आणि जोरजोरात हलत होता.

"पाहा लोक किती आगाऊ असते!" मी ह्यांना म्हटलं. "पुढं गेले तं गेले, वरून टाटा करून दाखवून राहिले!"

हे मान वाकडी करून बघत म्हणाले, "कुडता तं कोशाचाच दिसून राहिला."

"आपलंच गिऱ्हाईक असंल," मी म्हटलं आणि विषय संपवला.

बपेऱ्याच्या जवळ आलो तेव्हा मुहूर्ताला अगदी थोडा वेळ राहिला होता. दारात मांडव, पाव्हण्यांची गर्दी, आणि सगळ्यांपुढे धनराजजी, हाताची घडी घालून. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तरी गाडी थांबवल्यावर पहिली नजर मीटरकडे गेली, खोटं कशाला बोलू!

दादाच्या गाडीतून दादा उतरला. वहिनी उतरल्या. मी वाट बघत राहिले. तिसरं कोणी उतरेना. मी उतरून दादाच्या गाडीकडे निघाले, तर दादा माझ्या गाडीकडे येत होता. मधोमध आमची गाठ पडली.

"अतुल कुठी आहे?" मी विचारलं.

"तुह्या गाडीत."

"माह्या?"

"हाव. फळाच्या टोकऱ्या तोलायच्या राहिल्या होत्या ना माह्या डिक्कीत! म्हणून मी त्याले उतरवलं. म्हटलं, तू आईजवळ जाय अन् आईले म्हण कट्टा काढ. त्याच्या कुडत्यावर कोंडा लागला होता, म्हणे नळावर धुऊन जातो. मग आरशात पाहिलं तं तुह्या गाडीत बसला होता ना तो, मस्त फेटा घालून!"

मी माझ्या गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या फेट्याकडे बोट दाखवलं. "दादा," मी म्हणाले, "तो कट्टा आहे."

आणि त्याच क्षणी मागून वाजंत्री सुरू झाली! फेटा बघून प्राचीची काकू आरतीचं ताट घेऊन आणखी चार बायकांसह माझ्या गाडीच्या दारापर्यंत पोहोचली होती. मी ओरडले, "थांबा! दार उघडू नका!" पण वाजंत्रीत कोणाला ऐकू जातं? ह्यांनी (आयुष्यात पहिल्यांदाच मी न सांगता काही केलं त्यांनी!) सीटबेल्ट सोडला होता. काकूने दार उघडलं. अर्धा कट्टा फेट्यासकट पुढे वाकला, नमस्काराला वाकावा तसा, आणि काकूच्या पायावर पडून फुटला.

वाजंत्री थांबली. धान घरंगळत मांडवाच्या खांबापर्यंत गेलं. एक म्हातारी सवयीने खाली वाकली, चार दाणे उचलून दाताखाली धरले आणि म्हणाली, "ओला आहे अजून."

कोणी हसलं नाही. धनराजजी आले. त्यांनी फेट्याकडे पाहिलं, कट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"विहीणबाई," ते सावकाश म्हणाले, "आम्ही पोरगा मांगितला होता. धान तं आमच्या घरी बी आहे."

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. ह्यांनी नंतर सांगितलं. मी म्हणे हात जोडून रडत रडत सगळं सांगितलं: पंचाहत्तर घोडे, नव्वद घोडे, हलणारी पाती, न हलणारी पाती, डिझेलचा फेस, मोबाईल बंद. "माहा पोरगा पळाला नाही जी! त्याले आम्ही विसरलो! तो नळावर आहे! तुमसरले, नळावर!" लोक ऐकत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "मागच्या वेळीबी फोन बंदच होता." ते शब्द काळजात गेले. त्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ज्या घरातली माणसं एकदा उपाशी राहिली होती, त्यांना मी पुन्हा उपाशी ठेवणार होते. कशासाठी? भावाने पंगतीत हात जोडावे म्हणून!

धनराजजी मात्र शांत. सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "म्हणजे नव्वदवाली जास्त खाते म्हणता?"

"हो... म्हणजे... आता ते जाऊ द्या ना जी!"

"नाही जी, जाऊ कसं द्यायचं?" दादाला राहवलं नाही. "हायवेवर नाही खात!"

"दादा!!" मी इतक्या जोरात ओरडले की वाजंत्रीवाल्याच्या हातातली काडी पडली.

तेव्हा धनराजजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते घराकडे वळून म्हणाले, "बाहेर ये बाप्पा आता. तुही आई मरंल इथं."

पडदा बाजूला झाला. दारात माझा अतुल! कुडता अर्धा ओला, केस विस्कटलेले, हातात पोह्यांची प्लेट. त्याच्या मागे दाराआडून प्राची, तोंडावर पदर धरून हसून हसून लाल झालेली.

"तू... तू कसा आला?" मला धड रडताही येईना आणि हसताही.

"एसटीनं!" अतुल चिडून म्हणाला. "मोरेश्वरकाकानं मामाजीले फोन लावला, बंद. तुम्हा सगळ्यायचे बंद. मग मी प्राचीले लावला. तिनं सांगितलं, बपेऱ्याची गाडी आताच डेपोतून निघते, धाव! अन् आई, मी तुले खिडकीतून एवढा हात दाखवून राहिलो होतो, तू मानसुद्धा वळवली नाही!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवरच्या धानाकडे पाहिलं.

"पण प्राचीलेच कसा लावला?" मी विचारलं. "मोबाईल तं माह्याजवळ होता."

"तिचा नंबर पाठ आहे."

"अन् माहा?"

अतुलने पोह्यांत तोंड घातलं.

हशा उसळला, वाजंत्री सुरू झाली, साक्षगंध मुहूर्तावर झालं. फेटा झटकून अतुलला घातला, तरी अंगठी घालताना त्याच्या कानामागून दोन धानाचे दाणे पडले. जेवणं झाल्यावर धनराजजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "विहीणबाई, थोडी मजा केली, पोरगा आत लपवला, प्राचीच्या काकूलेबी सांगितलं नाही, राग मानू नका. मागच्या वेळी पोरगा गाडी असून आला नाही. हा गाडीतून उतरवला तरी उभ्यानं धक्के खात आला. दारात सगळ्यायच्या पहिले हाच आला. माही पोरगी आज पोटभर जेवली. मले आणखी काय पाहिजे?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर ते मागे सरकले. "ते राहू द्या," म्हणाले, "जाताना फक्त मोजून घ्या सगळ्यायले."

शर्यतीचं काय झालं? परतताना अतुलने कुठल्याच गाडीत बसायला साफ नकार दिला आणि एसटीने गेला. त्यातून अर्धा कट्टा धान तर धनराजजींच्या कोंबड्यांनी खाल्लं होतं, त्यामुळे वजनाचा मेळच बसेना. दादा अजून म्हणतो नव्वदवाली जिंकली असती. लग्नात धनराजजींनी मांडवाच्या दारात खरोखरीचा धानाचा काटा ठेवला होता आणि वरपक्षाला आत सोडण्याआधी विहीणबाईंना, म्हणजे मला, आग्रहाने त्यावर उभं केलं. थोडी चुरी वाढली होती.

आता प्राची आमच्या घरी आहे. दुकानाचा माल आणायला माझी पंचाहत्तरवाली तीच नेते. तेच मोहाडी, तेच आंधळगाव, तेच गतिरोधक. आणि टाकी भरताना दर वेळी तिचं ॲव्हरेज माझ्यापेक्षा जास्त भरतं! महिनाभर मी गप्प बसले. शेवटी एक दिवस न राहवून विचारलंच, "प्राची, गाडी तेच, इंजिन तेच, रस्ता तेच. तू असं वेगळं काय करते वो?"

ती चाव्या उचलत म्हणाली, "काही नाही आई. दोन कट्टे घरी ठेवून जातो."